मान कुणाच्या सेक्शनची?

बापाने मोडीत काढलेली वस्तू मुलाने हौसेने विकत आणावी, यापेक्षा सभ्य अपमान घरातल्या घरात करता येत नसावा. मी तो केला, वर आईला म्हणालो, "गाडीवरून लिंबू उतरून टाक, नजर लागायची."

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. इंग्रज गेले, पण त्यांनी लढाईत वापरलेल्या मोटारसायकली मागे राहिल्या. देहूरोडच्या बाजूला लष्कराच्या शेडींमध्ये त्या रांगेने उभ्या असत, हिरव्या रंगाच्या आणि धुळीने माखलेल्या. दादा, म्हणजे माझे वडील, अशाच एका वर्कशॉपमध्ये तपासनीस होते. मूळचे चिखलीचे शेतकरी. लढाईच्या दिवसांत भरती निघाली तेव्हा त्यांनी नांगर भावाच्या हाती दिला आणि पाना धरला, तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. आम्ही देहूरोड बाजारात पत्र्याच्या चाळीत राहायला आलो, आणि चाळीतली झाडून सगळी बिऱ्हाडं वर्कशॉपचीच होती.

तिथे माणसाची ओळख सेक्शनवरून होई. इंजिनवाले, ब्रेकवाले, चाकवाले, फ्रेमवाले. दादा फोर्क सेक्शनचे. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारा चिमटा. नियम असा की प्रत्येकाने आपल्या सेक्शनपुरतं बघायचं, आपल्या रकान्यात लिहायचं आणि दुसऱ्याच्या हद्दीत बोट घालायचं नाही. शेताच्या बांधावरून आमच्या चिखलीत जेवढी भांडणं होत नसतील तेवढी या हद्दीवरून होत. दादांना त्यांच्या हद्दीचा अभिमान होता. "आमचं काम चिमट्यापुरतं," असं ते म्हणत, आणि म्हणताना असा सूर लावत की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीची मोटारसायकल उगीच चिमट्याला चिकटली आहे.

दादांपाशी एक ब्रश आणि लाल रंगाचा डबा असे. फोर्क दुरुस्त होण्यासारखा नसला की चिमट्याच्या डाव्या पायावर लाल फुली मारायची, कागदावर 'बाद' लिहायचं आणि खाली सही करायची. बाद गाड्या लिलावात जात. इतक्या वर्षांत त्यांची एकही फुली चुकीची ठरली नव्हती. हे दादा स्वतः कधी सांगत नसत. आई सांगायची, आणि दादा ऐकू न आल्यासारखं दाखवून शेवटपर्यंत ऐकायचे.

मी त्या वेळी विहिरींवर ऑइल इंजिनं बसवून देणाऱ्या एका पेढीत फिरतीवर होतो. चाकण, खेड, मंचर, नारायणगाव असा माझा मुलूख. एसटीने जाऊन दिवसाला दोन विहिरी गाठल्या तरी पायांचे तुकडे पडत. पेढीचे मालक म्हणाले, फटफटी घे, पेट्रोल आमचं. चिंचवडला एका ठेकेदाराने लिलावातल्या गाड्या आणून कुंपणात उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्यावर चकचकीत काळा रंग फासला होता. एकीला किक मारली, ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. पहिल्या झटक्यात हो म्हणणाऱ्या कुणाचाही मला तेव्हा भरवसा वाटत असे. मी ती घेतली.

दादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग उकिडवे बसले, चिमट्याच्या डाव्या पायावरचा काळा रंग नखाने खरवडला. काळ्याखाली लाल दिसत होतं.

"ही म्या बाद केलीया," ते म्हणाले.

"पण चालते की, दादा. चिंचवडपासून आणली."

"चालाया काय झालंय. थांबताना बग."

मी गाडी चाळीच्या टोकाला नेऊन वळवली, दारापाशी येऊन पुढचा ब्रेक दाबला. हँडलच्या खाली आवाज झाला, खट्ट. मोठा नव्हे, दाराची कडी पडावी तेवढाच, पण हातापर्यंत पोचणारा. खरं सांगायचं तर तो मी चिंचवडपासून ऐकत आलो होतो आणि रस्त्याला दोष देत होतो.

"परत दिऊन टाक," दादा म्हणाले. ठेकेदार परत घेणारा असता तर तो ठेकेदार कशाला झाला असता?

आमच्या भिंतीला भिंत लावून फ्रेम सेक्शनचे एक गृहस्थ राहत. साताऱ्याकडचे, गोड बोलणारे, आणि दुसऱ्याच्या घरातलं भांडं पडलं तरी ते कोणत्या धातूचं हे सांगू शकणारे. ते भिंतीवरून डोकावून म्हणाले, "मिस्तरी, पोरानं तुमचीच बाद उचलली की हो!" सगळे हसले. मग ते आणखी गोड आवाजात म्हणाले, "पण एका परीनं बरंच झालं, वाजतीया ती. चांगली निघाली असती तर लोक काय म्हणाले असते? बापानं मुद्दाम फुली मारली आणि लेकानं स्वस्तात पळवली."

ते हसत होते, पण दादा हसले नाहीत. मीही नाही. पेन्शनला थोडी वर्षं उरलेला माणूस, सरकारी गाडी खोटी बाद करून पोराच्या घशात घातल्याचा नुसता संशय आला तरी नोकरी, पेन्शन आणि नाव तिन्ही जाणार. त्या दिवसापासून तो खट्ट आवाज म्हणजे आमच्या घराच्या इमानाचा दाखला झाला. गाडी वाजते, म्हणजे फोर्क खराब आहे. फोर्क खराब आहे, म्हणजे फुली खरी आहे. फुली खरी आहे, म्हणजे दादा सच्चे आहेत. इतकं सगळं एका खट्टवर उभं होतं.

पुढच्या रविवारी चाळीतलं अख्खं वर्कशॉप माझ्या गाडीभोवती जमलं. ब्रेकवाल्याने ड्रम उघडून पाहिला आणि ब्रेक निर्दोष असून दोष चाकाचा आहे असं जाहीर केलं. चाकवाल्याने चाक उचलून फिरवलं, ते वाऱ्यासारखं फिरलं. चाकाला त्याने सोडलं आणि चिमट्याकडे बोट दाखवलं. फ्रेमवाल्या शेजाऱ्यांनी सांगाड्यावर हात फिरवून, "आमचं काही नाही," एवढंच सांगितलं. प्रत्येकाने आपापल्या सेक्शनला वाचवलं, आणि माझ्या घरचा तीन तांबे चहा संपता संपता निकाल लागला की मिस्तरींची फुली बरोबर आहे. दादांनी चिमट्याचे दोन्ही पाय खालून धरून पुढेमागे हलवून दाखवले. हातभर लांबूनही दिसावं असं ते हलत होते. आता याच्यावर कोण काय बोलणार?

मी तशीच गाडी चालवू लागलो. पोटासाठी माणूस काय काय चालवतो! सपाटीवर काही वाटत नसे, पण खेडचा घाट उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेक दाबला की पुढून खट्ट. मी मागच्याच ब्रेकवर उतरायला शिकलो. देवावर माझा फारसा विश्वास नव्हता, तो त्या घाटाने वाढवला.

मग चाकणजवळच्या एका मळ्यात इंजिन बसवायला गेलो. कांद्याचं रान होतं. मळ्याचा मालक सत्तरीचा, कानात भिकबाळी, अंगात बंडी. मी बांधावर गाडी थांबवली तशी ती वाजली. इंजिन बाजूला राहिलं आणि म्हातारा गाडीपाशीच आला.

"ह्ये काय वाजतंय?"

"फोर्क खराब आहे," मी म्हणालो. मला पाठच होतं ते.

"ब्रेक दाबून धरा आन् म्होरं-मागं हलवा जरा."

मी हलवू लागलो. खट्ट, खट्ट. म्हाताऱ्याने गाडीवरून हात फिरवत वर नेला आणि हँडलचा दांडा सांगाड्यात शिरतो तिथल्या फटीवर बोट ठेवलं. आम्ही त्या जागेला मान म्हणत असू. डोळे मिटून तो म्हणाला, "हितं हलतंय, सायेब. खाली न्हाई, हितं."

"तो फोर्कच आहे हो."

"फोर्क-बिर्क मला ठावं न्हाई. बोटाला लागतंय त्ये सांगतो. तुमीच बगा."

मी बोट ठेवलं. मानेच्या फटीत सगळा चिमटा मुळापासून डुगडुगत होता. मानेच्या आत छर्रे असतात आणि त्यांना दाबून धरायला वर आट्यांवर, म्हणजे दांड्यावरच्या पेचाच्या चऱ्यांवर, फिरणारा एक मोठा नट असतो. तो नट सैल होता. बस्स. वरचा नट सैल म्हणून खालचा चिमटा हलत होता, आणि खालून धरून पाहणाऱ्याला चिमटा गेल्यासारखा वाटत होता. चाळीतल्या सात-आठ हुशार माणसांनी रविवारभर गाडी तपासली, पण मानेवर बोट कुणीच ठेवलं नव्हतं. फोर्कवाले म्हणत, मान सांगाड्याची. फ्रेमवाले म्हणत, तो नट चिमट्याचा. बांधावरची ती एक वीत जागा कुणाचीच नव्हती. म्हाताऱ्याला बिचाऱ्याला सेक्शनच नव्हता, म्हणून त्याचं बोट कुठेही जाऊ शकलं.

मी नट आवळला. ब्रेक दाबला. काहीही वाजलं नाही.

त्या दिवशी मी चाकणहून परतताना विनाकारण ब्रेक दाबत आलो. कुत्रं दिसलं, दाबला. झाड दिसलं, दाबला. मोशीच्या उतारावर एका बैलगाडीवाल्याने मला ठार वेडा समजून वाट दिली. इतका आनंद मला त्याआधी फक्त मॅट्रिक पास झाल्यावर झाला होता. देहूरोडचं रेल्वे फाटक लागलं, आगगाडीची वाट बघत थांबलो, आणि थांबताना कानावर पडलेली शांतता ऐकून माझ्या अंगातून सगळा आनंद उतरला.

गाडी वाजत नाही. म्हणजे फोर्क चांगला आहे. म्हणजे फुली खोटी आहे. पुढचं वाक्य शेजारी भिंतीवरून म्हणणारच होते.

फाटकापाशी चिंचेचं झाड होतं. त्याच्या आडोशाला गाडी घेतली, पाना काढला आणि नट अर्धा फेरा सैल केला. चाळीत शिरून दारापाशी ब्रेक दाबला. खट्ट. शेजाऱ्यांचं डोकं भिंतीवर आलं आणि परत खाली गेलं. दादा ओट्यावर बसले होते. आवाज ऐकून त्यांनी क्षणभर डोळे मिटले, मग आईला चहा टाकायला सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सैलपणा मला स्पष्ट दिसला. मी मनात म्हटलं, सही शाबूत राहिली.

तेव्हापासून माझा नेम झाला. सकाळी फाटकापाशी नट आवळायचा, संध्याकाळी तिथेच सैल करायचा. लोक देवळापाशी थांबतात, मी चिंचेपाशी. मला स्वतःविषयी फार बरं वाटत असे. वडलांसाठी एवढं करणारा मुलगा चाळीत दुसरा नव्हता, आणि हे कुणाला सांगता येत नाही याचीच तेवढी हळहळ होती.

एकदा मात्र राहवलं नाही. पहिल्याच आठवड्यात जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, मान कुणाच्या सेक्शनची हो?"

दादांचा घास हातात थांबला. "मान फ्रेमवाल्यांची. आमी मानंला हात लावत न्हाई." मग घास खाली ठेवून म्हणाले, "का?"

"काही नाही. असंच."

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक चमत्कार सुरू झाला. सकाळी फाटकापाशी पाना लावावा, तर नट आधीच घट्ट. आदल्या संध्याकाळी सैल करायचा विसरलो असेन, असं मी समजलो. दुसऱ्या दिवशीही तेच. पण संध्याकाळी तर गाडी वाजली होती! मी इंजिनांच्या धंद्यातला माणूस, दोन बुकं शिकलेला. मी यावर शास्त्र बसवलं. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडू लागली होती. रात्रीच्या गारव्याने लोखंड आखडतं आणि नट आपोआप आवळला जातो, असं माझं ठरलं. हे मी मंचरच्या एका शिक्षकांना समजावूनही सांगितलं, आणि त्यांनी मान डोलावली. अडाणी माणूस असता तर त्याने सरळ विचारलं असतं की रात्री गाडीला हात कोण लावतं.

त्याच सुमारास आई म्हणाली, "तुझे दादा हल्ली कोंबडं आरवायच्या आधी उठून भाईर जात्यात. झोपच लागत न्हाई म्हनं." मी म्हणालो, वयाप्रमाणे व्हायचंच.

माघ उजाडला. कुणीतरी वर अर्ज केला होता की लिलावात चांगल्या गाड्या बाद म्हणून विकल्या जातात. चौकशी लागली. ठेकेदाराच्या वहीत गाड्या कुणाकुणाला गेल्या ते होतंच, आणि एका नावासमोर तपासनिसाचा मुलगा निघाला. हे आम्हाला कळलं ते एका रविवारी सकाळी, चाळीच्या तोंडाशी जीप येऊन उभी राहिली तेव्हा. आतून एक अधिकारी उतरला आणि मागून कागदांचं दप्तर काखेत मारलेला कारकून. चाळीत जीप आली की आधी पोरं बाहेर येतात, मग बायका आणि शेवटी ज्याची भानगड असेल तो. मी शेवटी आलो.

अधिकाऱ्याने चिमट्यावरची फुली पाहिली, कागद पाहिला, मला पाहिलं. मग स्वतःच गाडीवर बसला. मी निश्चिंत होतो. काल संध्याकाळी मी माझ्या हाताने नट सैल केला होता. तो चाळीच्या टोकापर्यंत गेला, वळला, आला आणि आमच्या दारासमोर त्याने पुढचा ब्रेक दाबला.

काही नाही. नुसती खडी करकरली.

त्याने पुन्हा एक फेरी मारली आणि पुन्हा दाबला. गाडी इतकी गुमान थांबली की मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. रात्री कडाक्याची थंडी पडली होती. माझंच शास्त्र माझ्या बापावर उलटलं, असं माझ्या मनात आलं.

"साहब, जोर से दबाइए," मी म्हणालो. "वाजते हो ती. रोज वाजते. कुणालाही विचारा." आपल्या गाडीत दोष आहे हे पटवण्यासाठी एवढी गयावया करणारा मालक त्या अधिकाऱ्याने पाहिला नसेल. शेजारी राखुंडीने दात घासत भिंतीपाशी उभे होते. मी त्यांच्याकडे साक्षीसाठी बघितलं. त्यांचं तोंड काळं आणि भरलेलं होतं. ते दात घासत राहिले.

तेवढ्यात दादा घरातून बाहेर आले. अंगात नुसती बंडी, पाय अनवाणी.

"साहेब, ती वाजायची न्हाई," ते म्हणाले. "पहाटं म्या नट आवळलाया. मानंचा नट. फोर्क चांगला हाय. माझी फुली चुकली."

मी दादांच्या हाताला धरलं. त्यांनी हात सोडवून घेतला, गाडीपाशी गेले, खिशातून त्यांचा सायकलचा पाना काढला, नट सैल करून गाडी वाजवून दाखवली, आणि परत आवळून न वाजवता दाखवली. सगळी चाळ बघत होती. कारकुनाने कागद वरखाली केला आणि हळूच सांगितलं की यात मानेचा रकानाच नाही.

"गर्दन किसका काम है?" अधिकाऱ्याने विचारलं.

शेजाऱ्यांचा दात घासणारा हात थांबला. दादांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "मान फ्रेमवाल्यांची म्हंत्यात, साहेब. पन सही माझी हाय. बोट लावलं असतं तर मला कळलं असतं. न्हाई लावलं."

अधिकाऱ्याने बुटाने खडी उकरली. मग कारकुनाला म्हणाला, "लिखो, गलती है, चोरी नहीं। चोर होता तो नट ढीला छोड़ देता।" आणि जीप गेली.

चोर नाही, पण चूक आहे. चुकीची शिक्षा झालीच. दादांचा ब्रश आणि डबा काढून घेतला, आणि पेन्शनपर्यंत त्यांना हत्यारांच्या खिडकीवर बसवलं. पितळी बिल्ला घ्यायचा, पाना द्यायचा, पाना घ्यायचा, बिल्ला द्यायचा. ज्यांच्यादेखत ते फुल्या मारत तीच पोरं खिडकीतून हात घालून, "मिस्तरी, दहाचा द्या," म्हणत. कागदावर पुढे मानेचा रकानाही आला म्हणतात. तो कोणत्या सेक्शनने भरायचा यावर दोन्हीकडून कागद जात-येत राहिले.

पण हे पुढचं. त्या रविवारी जीप गेली, चाळ आपापल्या दारात शिरली आणि मी घरात येऊन दादांवर ओरडलो. उभ्या आयुष्यात मी त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडत होतो.

"कशाला आवळलात तो नट? तुम्हाला कुणी सांगितलं होतं? दिवाळीपासून रोज संध्याकाळी मी फाटकापाशी थांबून तो सैल करतोय! अर्धा फेरा! कुणासाठी? तुमच्या सहीसाठी! आणि तुम्ही जाऊन..."

दादा पितळीत हात धूत होते. ते तसेच थांबले.

"तू सैल करत व्हतास?"

"हो."

"रोज?"

"रोज!"

त्यांनी हात पुसले नाहीत. भिंतीला पाठ लावून खाली बसले. आईने फडकं पुढे केलं ते त्यांना दिसलंच नाही.

"तू मानंचं इचारलंस," ते म्हणाले, "त्याच्या दुसऱ्या दिशी पहाटं म्या बोट लावलं. कळलं मला. आवळून टाकला. म्हनलं, आपली चूक आपल्यापाशी, निदान पोरगं तरी धड जाईल. सांजच्याला तू आलास, तर गाडी पुन्यांदा खट्ट. सकाळी घट्ट केलेला नट सांजंला सैल. दुसऱ्या दिशी तसंच. तिसऱ्या दिशी तसंच. म्हनलं, आटं गेलं. आटं गेल्याबिगर नट आसा सुटत न्हाई. आन् तू त्येच घिऊन घाट उतरतूयास."



"रोज वट्ट्यावर बसून कान लावायचो. खट्ट वाजलं की म्हनायचो, आजचा दीस गेला, आला बाबा घरला. पहाटं पुन्यांदा आवळायचो."

"मग मला सांगायचं होतं ना, दादा! आटे गेलेत, बदलून घे, एवढंच!"

"आटं गेलं म्हनलं तर मानंचं सांगाया लागलं असतं." ते जमिनीकडे बघत होते. "सायबाच्या दारापतूर दोनदा गेलो. जीभ उचलंना. परत आलो."

संध्याकाळी ओट्यावर डोळे मिटणारा तो माणूस मी दिवाळीपासून बघत होतो आणि मनात त्याच्यावर उपकार चढवत होतो. त्या सबंध काळात मी रोज सकाळी त्यांच्या जिवाला घोर लावून जात होतो, आणि रोज संध्याकाळी अर्धा फेरा फिरवून तो घोर पक्का करत होतो. मला इतकी लाज वाटली की तिथून उठून जावंसं वाटलं. रडू येत होतं. घरात तरण्या मुलाने रडायची रीत नव्हती, म्हणून मी खाली मान घालून बंडीचं बटण चाचपत राहिलो.

दादाच पुढे बोलले, पण आवाज बदलला होता. सकाळी ज्याची आयुष्यभराची सही गेली होती, त्या माणसाचा तो आवाज वाटत नव्हता.

"म्हंजी तूच सैल करायचास."

"हो."

"आपोआप सुटत नव्हता?"

"नाही, दादा."

"मंग आटं?"

"चांगले आहेत."

"नीट बगितलंस?"

"बघितलंय, दादा. नव्यासारखे आहेत."

दादांनी मान मागे टेकवली, एक मोठा श्वास सोडला आणि चुलीकडे तोंड करून आईला हाक मारली. "आगं, आयकलंस का? आटं शाबूत हायेत."